जुन्या ट्रकच्या रेडिओचे कापलेले कपलर आणि कुरतडलेल्या तारा: दुरुस्ती कशी करावी?

चिरेवाला (देवगड):

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी २००३ सालचा सहा चाकी ट्रक आहे. पावसाळा सरला की तो जांभ्याचे चिरे वाहतो, एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जातो आणि चिरेखाणी बंद झाल्या की चार महिने मांगराच्या पत्र्याखाली उभा राहतो. यंदा त्या चार महिन्यांत पेट्यांतल्या उरलेल्या गवताच्या मोहाने उंदीर केबिनमध्ये शिरले आणि त्यांनी डॅशबोर्डमागच्या तारा कुरतडल्या. सुदैवाने दिव्यांच्या आणि काट्यांच्या तारा वाचल्या. नुकसान झाले ते रेडिओच्या जुडग्याचे. सगळा दोष उंदरांच्या माथी मारता येणार नाही, कारण दहा-बारा वर्षांपूर्वी वडिलांनी जुना टेपरेकॉर्डर बदलला तेव्हा नवा सेट बसवणाऱ्याने मूळ कपलर (तारांची जुडगी एकमेकांत अडकवणारे प्लॅस्टिकचे सांधे) कापून काही तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळून ठेवल्या होत्या, हे मला पॅनेल उघडल्यावर कळले.

नवीन सेट आणला आहे. त्याच्यासोबत आठ-आठ खाचांचे दोन कपलर आणि रंगीत तारा आल्या आहेत. ट्रकच्या बाजूला मात्र एक कपलर अर्धा वितळलेला आहे, दुसऱ्याचा निम्मा भाग गायब आहे आणि अकरा तारा मोकळ्या लोंबत आहेत, त्यांत पिवळ्या दोन. मल्टिमीटर लावून पाहिले असता एका पिवळ्या तारेवर चावी नसतानाही १२.४ व्होल्ट दिसतात. लाल तारेवर चावी फिरवल्यावर २४.६ व्होल्ट दिसतात, म्हणून ती मी जोडली नाही. सेटची पिवळी आणि लाल अशा दोन्ही तारा ट्रकच्या त्या पहिल्या पिवळ्या तारेला आणि काळी तार काळ्या तारेला तात्पुरती पिळून जोडली. सेट लागतो. फक्त उजवा स्पीकर जोडला तर हळू आवाजात व्यवस्थित वाजतो, पण आवाज वाढवला की बंद पडून पुन्हा सुरू होतो. डावा स्पीकर जोडल्यास त्याचा पडदा क्षणभर बाहेर सरकतो आणि सेट लगेच बंद होतो.

वितळलेला कपलर दुरुस्त होतो की नवाच घ्यावा लागतो, जोड सोल्डर करावेत की पिळून टेप लावलेली चालेल, आणि १२.४ व्होल्ट नीट दिसत असताना सेट बंद का पडतो, याबद्दल मार्गदर्शन मिळावे.

तारयंत्री (रत्नागिरी):

लाल तार जोडली नाहीत हे फार चांगले केलेत. ती जोडली असती तर आज आपण कपलरऐवजी सेटच्या दुरुस्तीबद्दल विचारत असता.

आपल्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत आणि गाडीचा सगळा कारभार २४ व्होल्टवर चालतो. कारचे सेट १२ व्होल्टचे असतात. पूर्वी ज्याने सेट बसवला त्याने दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक तार काढून ती पिवळी म्हणून केबिनमध्ये आणलेली दिसते. ही युक्ती आपल्याकडे सर्रास वापरली जाते आणि पहिले काही महिने तिचा काही त्रास जाणवत नाही. त्रास हळूहळू होतो. ज्या बॅटरीचे निगेटिव्ह टोक चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) आहे तिच्यावर एकटीवर रेडिओचा भार पडतो. चार्जिंग करताना मात्र अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच प्रवाह पाठवतो आणि त्याचे व्होल्ट आवरणाऱ्या रेग्युलेटरला फक्त दोघींची बेरीज दिसते. समजा बेरीज २८.४ व्होल्ट आहे. त्यातले भुकेल्या बॅटरीच्या वाट्याला १३.६ येतात आणि भरलेल्या बॅटरीच्या वाट्याला १४.८. एक कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी उकळत राहते. आपल्याकडे दोहोंपैकी एकाच बॅटरीत वारंवार पाणी घालावे लागते का, हे कृपया आठवून सांगा.

यावर योग्य उपाय म्हणजे २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. आपल्या सेटसाठी १० अँपिअरचा पुरेसा होईल. त्याला पुरवठा पूर्ण २४ व्होल्टवरून फ्यूज लावून द्यावा आणि सेटच्या पिवळ्या व लाल तारा त्याच्या १२ व्होल्टच्या बाजूला जोडाव्यात. काही कन्व्हर्टरांत घड्याळ आणि स्टेशने लक्षात ठेवण्यासाठी कायम पुरवठ्याची वेगळी तार असते. मिळाला तर तसाच घ्या. नुसता रेझिस्टन्स (प्रवाहाला अडथळा करणारा भाग) टाकून व्होल्ट उतरवण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये, कारण आवाजाबरोबर प्रवाह बदलतो आणि प्रवाहाबरोबर रेझिस्टन्सवर पडणारे व्होल्टही बदलतात.

आता सेट का बंद पडतो ते पाहू. मीटरमधून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही, म्हणून तारेतला एखादाच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण १२.४ दाखवतो. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, पण पाइप आत गाळाने भरला असेल तर नळ उघडल्यावर धार करंगळीएवढीच पडते. हा प्रकार तसाच आहे. त्यामुळे तारेवर भार टाकून तपासणी करावी लागते. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्या (२४ व्होल्टचा नव्हे, ट्रकच्या सुट्या भागांत तोच हाती येतो), तो त्या पिवळ्या आणि काळ्या तारेत लावा आणि तो पेटलेला असताना तीन मोजमापे करा: बल्बच्या दोन टोकांवर किती व्होल्ट राहतात, काळी तार आणि चेसिसचा घासून चकचकीत केलेला भाग यांच्यामध्ये किती दिसतात, आणि त्याच क्षणी बॅटरीवर किती आहेत. असा बल्ब पूर्ण पुरवठ्यावर पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे मध्यम आवाजातल्या सेटएवढा भार पडतो. काम सुरू करण्यापूर्वी बोटातली अंगठी काढून ठेवा आणि तारा कापताना बॅटरीचे चेसिसकडचे निगेटिव्ह टोक सोडवून ठेवा. बॅटरीच्या मधल्या जोडावर फ्यूज आहे का, हेही पाहा. नसेल तर उंदराच्या एका दाताने केबिन पेटू शकते.

चिरेवाला (देवगड):

मनःपूर्वक आभार. बल्ब लावून मोजले. बॅटरीवर १२.४ असताना बल्बच्या टोकांवर फक्त ७.८ व्होल्ट मिळतात आणि काळी तार ते चेसिस यांच्यामध्ये ३.१ व्होल्ट दिसतात. बल्ब पिवळसर, मंद पेटतो. मधल्या जोडावर फ्यूज नव्हता; तार सरळ बॅटरीच्या बोल्टाखाली दाबलेली होती, ती मी लगेच सोडवून ठेवली आहे. पाण्याबद्दलचा अंदाज अचूक निघाला. केबिनच्या बाजूच्या बॅटरीत दर महिन्याला पाणी घालावे लागते आणि दुसरीत सहसा लागत नाही. वडील म्हणत होते की ती बॅटरीच खराब निघाली.

तारयंत्री (रत्नागिरी):

म्हणजे ४.६ व्होल्ट वाटेत जिरत आहेत, त्यांपैकी ३.१ एकट्या अर्थच्या, म्हणजे काळ्या तारेतून चेसिसकडे जाणाऱ्या वाटेवर आणि उरलेले दीड पिवळ्या तारेत किंवा तिच्या जोडांत. रेडिओची तक्रार आली की सगळे जण पिवळ्या आणि लाल तारेच्या मागे लागतात. काळी तार गरीब, तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती डॅशबोर्डमागे ज्या स्क्रूला बांधली आहे तो शोधा.

कपलर का वितळला याचे उत्तरही यातच आहे. पिन सैल झाली किंवा तिच्यावर गंज चढला की सांध्याचा रेझिस्टन्स वाढतो. अर्ध्या ओहमच्या सांध्यातून ५ अँपिअर गेले तर तिथे साडेबारा वॅट उष्णता तयार होते, आणि ती एका छोट्या प्लॅस्टिकच्या खाचेत कोंडलेली असते. प्रवाह मर्यादेत असल्यामुळे फ्यूज उडत नाही आणि प्लॅस्टिक मात्र मऊ होते. वितळलेल्या कपलरवर वेळ घालवू नका, तो कापून टाका.

घाटावरचा (कोल्हापूर):

एवढा खटाटोप कशासाठी, असा माझा नम्र प्रश्न आहे. मी वीस वर्षे तारा पिळून, वर चांगली टेप गुंडाळून सेट बसवले आहेत आणि क्वचितच एखादा परत आला आहे. पीळ घट्ट आणि लांब असला, प्रत्येक जोड वेगळ्या जागी घेतला आणि टेप ओढून लावली की पुरते. गरिबाच्या ट्रकला जहाजाचा सरंजाम कशाला?

होडीवाली (हर्णै):

कोल्हापूरच्या दादांचे म्हणणे कोल्हापूरपुरते मान्य आहे. तिथे हवा कोरडी असते आणि टेपखाली पाणी शिरले तरी ते सुकते. आमच्याकडे खारा वारा दुपारी जो सुरू होतो तो थेट मांगरात शिरतो, आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे एकदा आत गेलेला ओलावा बाहेर पडत नाही. टेपचा डिंक उन्हात पाघळतो, कडा सुटतात आणि ती टेप ओल धरून ठेवणारी चिंधी होऊन बसते. मी आणि माझे यजमान बंदरावर मासेमारी नौकांच्या वायरिंगची कामे करतो. आमच्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींपैकी आठ तरी अशा पिळलेल्या जोडांच्या असतात.

कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे घरोघरी माहीत आहे. तांब्याच्या तारेचेही तसेच होते. टोकाकडून ओल आत शिरते आणि धाग्यांमधल्या बारीक फटींतून वात तेल ओढते तशी वर चढत जाते. वरचे प्लॅस्टिक नव्यासारखे दिसते आणि आतले तांबे काळे पडलेले असते. म्हणून, चिरेवाला दादा, तुमच्या लोंबत्या तारांची नुसती टोके सोलून जोडू नका. प्रत्येक तार दोन-दोन बोटे मागे कापत जा आणि सोलून पाहा. काळे किंवा हिरवे धागे दिसले तर आणखी मागे जा. तांबे नव्या पैशासारखे तांबूस दिसेपर्यंत थांबू नका. वीतभर मागे गेल्यावरही काळेच निघाले तर ती तार पूर्ण बदला. काळ्या धाग्यावर सोल्डर धरत नाही, तो मण्यासारखा घरंगळतो, आणि पॉलिश कागदाने घासून वरचे धागे उजळले तरी मधले तसेच राहतात.

नवी तार घेताना घरातल्या वायरिंगची एकसंध जाड काडीची घेऊ नका, ती कंपनाने मोडते. पुरवठ्याला दीड चौरस मिलिमीटरची आणि स्पीकरला पाऊण चौरस मिलिमीटरची, बारीक धाग्यांची घ्या. बंदरावरच्या दुकानांत नौकांसाठी कल्हई केलेल्या तांब्याची तार मिळते. सोलल्यावर आत ती रुपेरी दिसते. तिला थोडे जास्त पैसे पडतात, पण रेडिओला लागणार दोन-चार मीटरच, तेवढ्यात काटकसर करू नये.

सोल्डर करावे की थिंबल (तारेच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) दाबावे, यावर आमच्या घरातच एकमत नाही. यजमान सोल्डरच्या बाजूचे आहेत. माझा अनुभव असा की सोल्डर पातळ होऊन धाग्यांमधून आवरणाखाली चढते, तिथवर तार कडक सळी बनते आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच ती कंपनाने तुटते. चिरेखाणीच्या रस्त्यावर कंपनाला काही तोटा नाही. म्हणून ट्रकमध्ये मी दाबलेला जोडच सुचवेन, पण तो पकडीने चेपलेला नसावा; पूर्ण दाब बसेपर्यंत न सुटणाऱ्या दाबणीच्या हत्याराने केलेला असावा. दाबल्यावर तार जोराने ओढून पाहा. ओढून निघाली तर आज निघालेली बरी. सोल्डरच करायचे असल्यास आत राळ असलेली सोल्डरची तार वापरा. पत्र्याच्या कामाचे आम्ल चुकूनही लावू नका, ते तांब्यात मागे राहते आणि महिन्याभरात जोड हिरवा करते. सोल्डरच्या दोन्ही बाजूंना तार पट्टीने बांधून घ्या, म्हणजे कडक भाग हलणार नाही.

त्यावर आतून डिंक असलेली आक्रसणारी नळी चढवा. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून डिंकाची बारीक कड बाहेर आली पाहिजे. ती आली नाही तर नळी सैल आहे असे समजा. नळी तार जोडण्यापूर्वी सरकवून ठेवायची असते. हे लिहावेसे वाटते, कारण इतक्या वर्षांनंतर मीही अधूनमधून विसरते. आणखी एक गोष्ट: खिडक्यांच्या काचांना लावतात ते सिलिकॉन जोडांवर भरू नका. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि तेच तांबे खाते. नौकेवर एका गृहस्थांनी अख्खा जोडपेटारा अशा सिलिकॉनने भरून ठेवला होता. पाणी आत गेले नाही, पण पावसाळ्यापूर्वीच जोड हिरवे झाले.

चिरेवाला (देवगड):

ताई, आपले म्हणणे पटले. काळी तार कापत कापत जवळपास हातभर मागे गेलो तरी आत काळेच निघाले. तिचे दुसरे टोक स्टिअरिंगच्या कॉलमजवळ एका पत्र्याच्या स्क्रूखाली होते. स्क्रू फिरवताच त्याचे डोके तुटून हातात आले आणि थिंबलच्या जागी तांबूस-हिरवी भुकटी होती. त्याच्याखालचा पत्राही रंगवलेला निघाला. म्हणजे इतकी वर्षे अर्थ त्या स्क्रूच्या आट्यांमधूनच मिळत असावा.

नवा कपलर देवगडात मिळाला नाही. कणकवलीला आठ खाचांचे रिकामे कपलर आणि सुट्या पिना मिळाल्या. दोन पिना मी चुकीच्या खाचेत घातल्या आणि त्या आता निघत नाहीत. शिवाय डाव्या स्पीकरकडून एकच तार येते. दुसरी बाजू त्याने दाराच्या पत्र्याला स्क्रूने बांधली आहे. उजव्याला दोन तारा आहेत. डाव्याची दुसरी तार कुठे जोडायची?

स्पीकरवेडा (चिपळूण):

डावा स्पीकर सध्या सुटा ठेवा आणि जोडून पाहण्याचा प्रयोग पुन्हा करू नका. तो जोडताच सेट बंद होतो, याचे कारण पत्र्याला बांधलेली ती दुसरी बाजूच आहे.

फार जुन्या रेडिओंत स्पीकरची एक बाजू चेसिसला बांधण्याची पद्धत होती आणि तेव्हा ती चालतही होती. आजच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा आतल्या ॲम्प्लिफायरमधून येतात आणि त्या दोघींवर कायम पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट असतात. दोघींवर सारखेच असल्यामुळे स्पीकरला तो फरक जाणवत नाही. त्यातली एक तार तोडून स्पीकर पत्र्याला बांधला की ते ६ व्होल्ट थेट स्पीकरच्या गुंडाळीवर पडतात. पडदा बाहेर फुगतो, ४ ओहमच्या गुंडाळीतून दीड अँपिअर वाहू लागतात आणि सेट स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. आपण पडदा सरकल्याचे लिहिलेत, म्हणून हे इतक्या खात्रीने सांगता आले. सेट वाचवणारा नसता तर गुंडाळी जळाली असती.

तेव्हा दाराच्या पत्र्यावरचा तो स्क्रू काढून टाका आणि डाव्या स्पीकरपासून सेटपर्यंत दोन पदरी नवी तार ओढा. दाराच्या बिजागरीजवळ ती रबरी नळीतून, थोडी सैल ठेवून न्या, नाहीतर दार उघडमीट करताना ती सहा महिन्यांत आतून तुटेल. जोडण्यापूर्वी मीटर ओहमवर ठेवा. स्पीकरच्या दोन तारांमध्ये साधारण साडेतीन ओहम दिसले पाहिजेत, आणि कोणतीही एक तार व चेसिस यांच्यामध्ये काहीच दिसता कामा नये. उजव्या स्पीकरलाही हीच तपासणी करा. कुरतडलेली तार कुठेतरी पत्र्याला टेकलेली असू शकते.

स्पीकरची सरळ-उलट बाजू ओळखण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचे पॉझिटिव्ह टोक जिथे लागले तीच स्पीकरची पॉझिटिव्ह तार. एक स्पीकर सरळ आणि दुसरा उलटा जोडला गेला तर काही बिघडत नाही, फक्त ढोलाचा आवाज पोकळ येतो, आणि गणपतीच्या दिवसांत ते आपल्या लक्षात येईलच.

रंगांबद्दल: सेटकडून येणाऱ्या जुडग्यात पुढचा डावा स्पीकर पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा आणि मागचा उजवा जांभळा असतो, ज्या तारेवर काळी रेघ आहे ती निगेटिव्ह. पिवळी कायमच्या पुरवठ्याची, लाल चावीची, काळी अर्थची आणि निळी अँटेनाच्या मोटरला पुरवठा देणारी. आठ खाचांच्या कपलरांतली खाचांची मांडणी आयएसओ १०४८७ या आंतरराष्ट्रीय मानकातली आहे. पुरवठ्याच्या कपलरात चौथ्या खाचेत कायमचा पुरवठा, पाचव्यात अँटेनाचा पुरवठा, सातव्यात चावी आणि आठव्यात अर्थ येतो. क्रमांक प्लॅस्टिकवरच अगदी बारीक कोरलेले असतात, विजेरीच्या तिरप्या उजेडात दिसतात. काही गाड्यांत चौथी आणि सातवी खाच अदलाबदल केलेली आढळते. ट्रकच्या बाजूच्या रंगांवर मात्र मुळीच विसंबू नका. तिथे एकदा कोणीतरी तारा कापल्या आहेत, आणि दोन पिवळ्या तारा हाच त्याचा पुरावा आहे.

होडीवाली (हर्णै):

चुकीच्या खाचेतल्या पिना काढण्याविषयी: पिनेच्या पाठीवर पत्र्याची एक बारीक जीभ असते, ती खाचेच्या आत अडकते. मोडक्या छत्रीची एक काडी घ्या, तिचे टोक ठोकून चपटे करा आणि कानशीने एक मिलिमीटरपर्यंत बारीक करा. कपलरच्या तोंडाकडून ती पिनेला लगटून आत घाला, जीभ दबल्याचा हलका टचका हाताला जाणवेल, त्याच वेळी मागून तार ओढा. तार आधीच ओढत राहिलात तर जीभ आणखी घट्ट बसते. बाहेर काढलेल्या पिनेची जीभ सुईने पुन्हा किंचित उचला आणि मगच योग्य खाचेत घाला. आत बसल्यावर टक असा आवाज येतो. सगळ्या पिना बसल्यावर तोंडाला व्हॅसलिनचा पातळ हात द्या.

चिरेवाला (देवगड):

उशिरा लिहीत आहे, कारण मधले आठ दिवस भाडे होते. सर्वांच्या सांगण्याप्रमाणे काम केले. छत्रीची काडी उत्तम चालली. पहिली पिन काढायला अर्धा तास लागला आणि दुसरी निमिषात निघाली. मधल्या जोडावरची तार कायमची काढून टाकली. कन्व्हर्टर पॅसेंजरच्या बाजूला डॅशबोर्डखाली, हवा लागेल अशा ठिकाणी बसवला आणि त्याच्या २४ व्होल्टच्या तारेत बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला. सेटचा आणि कन्व्हर्टरचा अर्थ एकाच बोल्टवर घेतला आहे. तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावले. डाव्या दारात नवी तार ओढली. आता २१ वॅटचा तोच बल्ब सेटच्या कपलरवर लावला तर टोकांवर ११.९ व्होल्ट राहतात, आणि आवाज पूर्ण चढवला तरी सेट बंद पडत नाही.

एक दोष उरला आहे. एफएम स्वच्छ लागते, पण मध्यम लहरींवर रत्नागिरी केंद्र लावले की इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिटी ऐकू येते. इंजिन बंद केल्यावर ती थांबते. अँटेनाची तार काढल्यावरही थांबते.

तारयंत्री (रत्नागिरी):

अँटेना काढल्यावर शिटी थांबते, म्हणजे ती पुरवठ्याच्या तारेतून येत नसून अँटेनाच्या वाटेने येते. अँटेनाच्या तारेत मधल्या तारेभोवती जाळीचे वेष्टण असते. ते वरच्या टोकाला केबिनच्या पत्र्याशी जोडलेले नसेल तर वेष्टणच अँटेनाचे काम करू लागते आणि इंजिनाचा सगळा गोंगाट गोळा करते. बुडाचा नट काढून खालचा पत्रा पाहा. कन्व्हर्टरही अशी शिटी देऊ शकतो, म्हणून अँटेनाची तार त्याच्याजवळून जात असेल तर ती दुसऱ्या बाजूने न्या.

चिरेवाला (देवगड):

नट उघडला. खालचा वॉशर बोटाने चुरला आणि पत्र्यावर पैशाएवढा गंजाचा डाग होता. पॉलिश कागदाने घासून नवा वॉशर घातला, वरून ग्रीस लावले आणि अँटेनाची तार ड्रायव्हरच्या बाजूने वळवली. शिटी पूर्ण गेली नाही, पण आता ती गिअर बदलताना कान देऊन ऐकली तरच लागते.

बॅटऱ्यांबाबत एक शेवटची विचारणा: इतकी वर्षे उपाशी राहिलेल्या बॅटरीसाठी वेगळे काही करावे लागेल का?

तारयंत्री (रत्नागिरी):

होय. दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून १२ व्होल्टच्या चार्जरवर एक-एक करून पूर्ण भरा, मगच पुन्हा जोडा. ट्रकच्या चार्जिंगवर त्या आपोआप बरोबरीत येणार नाहीत. भरल्यानंतर रात्रभर तशाच ठेवून सकाळी दोन्हींचे व्होल्ट मोजा. दोहोंवर १२.६ च्या आसपास दिसले आणि फरक एक-दोन दशांशाच्या आत असला तर याच जोडीवर हा हंगाम काढा. जास्त फरक निघाला तर दोन्ही एकदम बदला. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावलीत तर नवीही जुनीच्याच मार्गाने जाईल. केबिनच्या बाजूच्या बॅटरीत पाणी घालताना प्लेटांच्या वर पाणी आहे ना, हे आधी पाहा, आणि डिस्टिल्ड पाणीच घाला, विहिरीचे नको.

चिरेवाला (देवगड):

आज संध्याकाळी पहिली बॅटरी चार्जरवर लावली आहे.